आधी कोण भिडलं?

अमेरिकन फुटबॉलचा पंच व्हायची मला काडीचीही हौस नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षभरात भेटेल त्यानं मला विचारलंय की चांगली नोकरी आहे, घरदार आहे, रविवारची सकाळ मोकळी मिळते, ती या भलत्या खेळात कशाला घालवता? खरं तर हे मीच मला विचारायला हवं होतं. तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. लग्नाआधी मी कबड्डी खेळायचे, उजवा कोपरा सांभाळायचे. लग्नानंतर खेळ सुटला, पण सवय सुटेना, म्हणून पंचाची परीक्षा दिली. चिखलीत आमचं तीन मजली घर आहे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर, त्यावरच्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. शिट्टी, मोठा आवाज आणि भांडायची तयारी या तिन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत हे आसपासच्या सगळ्या मंडळांना ठाऊक आहे. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या, बरीच वर्षं अमेरिकेत नोकरी करून परतलेल्या एका साहेबांनी तीन संघांची हौशी स्पर्धा काढायचं ठरवलं, तेव्हा कुणीतरी पंच म्हणून मला पुढं केलं. "मॅडम, तुम्हाला फक्त नियम शिकायचेत, बाकी सगळं तुमच्यात आहेच," साहेब म्हणाले. फक्त नियम! त्या 'फक्त'वर मी अजून दात खाते.

खेळ वरवर सोपा आहे. लंबगोल चेंडू घेऊन समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं. दोन्हीकडच्या दांडग्या गड्यांची एकेक रांग समोरासमोर, वाकून उभी राहते. मधला गडी चेंडू आपल्याच पायांमधून मागं देतो आणि रांगा एकमेकींवर आदळतात. चेंडूवाल्यांची रांग अडवते, समोरची रांग त्यातून घुसून चेंडूवाल्याला गाठायला बघते. या अडवण्याला ब्लॉक म्हणतात. हातांनी छातीवर रेटलं तर कुणाचीच हरकत नसते. सगळी भांडणं आहेत ती खाली मारण्यावरून. म्हणजे समोरच्याच्या कमरेखाली, मांडीवर, गुडघ्यावर अंग झोकून त्याला आडवा करायचा की नाही, आणि करायचा तर कुणी, कुठं आणि कधी.

साहेबांनी मला मोबाइलवर तीन पुस्तकं पाठवली. एक तिकडच्या शाळांचं, एक कॉलेजांचं आणि एक पगारी खेळाडूंचं. सोबत लिहिलं होतं, "मूळ कल्पना एकच आहे." मी कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचत बसले. कल्पना एकच असती तर तीन पुस्तकं कशाला छापली असती? एका पुस्तकात खाली म्हणजे कमरेखाली. दुसऱ्यात एका पानावर कमरेखाली आणि चार पानं पुढं मांडीपासून खाली. तिसऱ्यात आणखी काही. एक म्हणतं, रांगेतल्या गड्यानं मधल्या ठरावीक चौकोनात समोरच्याला खाली मारलं तर चालेल, पण चेंडू हलल्यावर लगेच. आता लगेच म्हणजे किती? उभा राहून, हात टेकवून मग खाली गेला तर ते लगेच की उशिरा? आमच्याकडे भोकाचं माप बघायला गेज असतो. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, झाली तपासणी. शिकाऊ मुलीलाही पहिल्या दिवशी जमतं. या 'लगेच'ला कुठला गेज लावू?

तिन्ही पुस्तकांचं ज्यावर एकमत होतं असा एकच नियम मला सापडला. एका माणसाला दोघांनी मिळून, एकानं वर आणि एकानं खाली, मारायचं नाही. कारण साधं आहे. वर कुणीतरी धरलेल्या माणसाचा सगळा भार पायावर असतो, पाय उचलून घ्यायला त्याला सवड नसते, आणि त्याच वेळी दुसरा गुडघ्यात शिरला तर गुडघा जायचाच. मला हा नियम वाचून बरं वाटलं. म्हटलं, निदान इथं तरी घोळ नाही. मग खाली बारीक अक्षरात कॉलेजच्या पुस्तकातली एक ओळ दिसली. समोरचा गडी स्वतःहून येऊन भिडला असेल तर हा गुन्हा धरायचा नाही.

मी तो फोन बाकावर आपटायचाच बाकी ठेवला होता. अहो, समोरच्या गड्याचं कामच स्वतःहून येऊन भिडायचं आहे. तो काय रांगेत उभा राहून वाट बघणार आहे, या आणि मला मारा म्हणून?

स्पर्धेआधी साहेबांच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये बैठक झाली. तिन्ही संघांचे कर्णधार, साहेब आणि मी. चहा झाला, बिस्किटं झाली, साहेबांनी पडद्यावर तिकडच्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवले. मी एकच मागणी केली. कुठलं पुस्तक चालवायचं ते ठरवा आणि या बारीक अक्षरातल्या ओळीचा अर्थ मला लिहून द्या. साहेब म्हणाले, "कॉलेजचं घेऊ, त्यातल्या त्यात बरं आहे. आणि मॅडम, अर्थ असा लिहून देता येत नाही. ते पंचाच्या जजमेंटवर असतं. खेळाची भावना समजून घ्यायची."

"साहेब, भावनेला शिट्टी मारता येत नाही," मी म्हणाले. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. पण हसण्यात विषय बुडाला आणि बैठक जर्सीच्या रंगांवर गेली. मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "तुला भांडायला नवीन जागा मिळाली म्हणायची." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, त्यावर आपलंच बोलणं खरं झालं म्हणून त्यानं आणखी दात काढले.

आता कबड्डीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीन संघांतला एक पिंपळे सौदागरचा, साहेबांच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या पोरांचा. दुसरा आमच्या चिखलीचा, निरनिराळ्या कंपन्यांत लाइनवर काम करणाऱ्यांचा. तिसरा चऱ्होलीचा, आणि हा सगळाच्या सगळा कबड्डीच्या मंडळातून उचलून आणलेला. चऱ्होलीचे गडी म्हणजे तिथल्या जुन्या घरांतली पोरं. लहानपणापासून मातीत वाढलेली, अंगानं आडवी, पायांत झटका. त्यांचा कर्णधार तिशीचा, मिशीवाला, बोलायला गोड. मी खेळायचे तेव्हापासून त्याचं घर मला ओळखतं, म्हणून तो मला ताई म्हणतो.

कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडायची पहिली शिकवण हीच, की एकानं वर धरलं की शेजाऱ्यानं क्षणाचाही विचार न करता खाली जायचं. एकानं कंबर धरली की दुसऱ्यानं पट काढायचा, म्हणजे दोन्ही पाय मुठीत घेऊन ओढायचे. एकटा पकडणारा हुशार, पण साथीला धावून जाणारा खरा भरवशाचा. साथीला गेला नाही म्हणून मी स्वतः एका मुलीला संघाबाहेर बसवलेलं आहे. वीस वर्षं जी गोष्ट इमानदारी म्हणून अंगात भिनली, ती या खेळात सगळ्यात वाईट गुन्हा. हे मी चऱ्होलीच्या गड्यांना मैदानावर उभं करून, दोघांना हाताला धरून दाखवलं. "वर एक, खाली एक, असं चालणार नाही. कळलं?" सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय ताई." मग सरावात पहिल्याच डावाला तिघांनी तेच केलं आणि कर्णधारानं साथीला गेलेल्याच्या पाठीवर थाप मारली.

मी ओरडले तेव्हा तो मनापासून बुचकळ्यात पडला. "आवं ताई, आपला गडी एकटा झुंजतोय आन् दुसऱ्यानं नुसतं बघत राह्यचं व्हय?" मला आतून त्याचंच पटत होतं. त्याचाच राग जास्त आला.

चिखलीच्या संघात आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू होता. नांदेडकडचा, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, चाकणच्याच एका कंपनीत लाइनवर. सात वर्षांत तीन कंपन्या, प्रत्येक ठिकाणी करार, करार संपला की ब्रेक, मग नवा करार. या वर्षी पहिल्यांदा त्याच्या कंपनीनं कायम करण्यासाठी काही जणांची यादी लावली आणि त्यात तो होता. उरलं होतं फक्त मेडिकल, म्हणजे कंपनीच्या डॉक्टरची तपासणी, त्यात उकिडवं बसवूनही बघतात. ज्या शहरात मी राहते तिथं 'पर्मनंट' या शब्दाचं वजन बाहेरच्याला कळणार नाही. त्यावर लग्नं ठरतात. याचंही ठरलं होतं. मुलीकडच्यांनी सांगितलं होतं, कागद हातात आला की तारीख काढू. तो जिना चढता-उतरता माझ्या सासूला पाण्याची कळशी आणून द्यायचा, माझी धाकटी त्याला मामा म्हणायची.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधी एकदा तो दारात येऊन उभा राहिला. "ताई, एक विचारायचं होतं. खेळू का नको? सव्वा महिन्यानं मेडिकल हाय माजं."

मी त्याला खरं काय ते सांगितलं. हा धसमुसळा खेळ आहे, खांद्याला पॅड आहेत, डोक्याला हेल्मेट आहे, पण गुडघे उघडे आहेत. तो विचार करत उभा राहिला. मित्रांचा संघ, रांगेत उभं राहू शकणारी अंगापिंडाची माणसं मोजकी, हा गेला तर संघच उभा राहत नव्हता. मग म्हणाला, "लई काही होत न्हाई ओ. नियम हायेत की. आन् शिट्टीवर तुमी हाव."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. मी म्हणाले, "मी आहे."

पहिला सामना चऱ्होली आणि पिंपळे सौदागर. मैदान चऱ्होलीच्या अलीकडं, इमारत उभी राहायची होती अशा सपाट केलेल्या प्लॉटवर. सकाळी सात वाजता आम्हीच फक्की मारून रेघा आखल्या. कमरेला खोचलेलं पिवळं फडकं, तेच या खेळातलं पंचाचं शस्त्र. गुन्हा दिसला की ते जमिनीवर टाकायचं, सगळे त्याला झेंडा म्हणतात. डाव संपला की शिक्षा सांगायची.

दुसऱ्या अर्ध्यात माझ्या डोळ्यांसमोर ते घडलं. कॉम्प्युटरवाल्यांचा एक उंच पोरगा रांगेतून घुसायला पुढं झेपावला. चऱ्होलीच्या एकानं त्याला छातीवर घेतलं. तो अडकला, आणि त्याच्या शेजारून कर्णधार स्वतः खाली गेला, खांदा थेट मांडीत. वर एक, खाली एक. पोरगा आडवा झाला.

माझा हात फडक्यावर गेला होता. बोटांत कापड आलं होतं. आणि डोक्यात ती बारीक अक्षरातली ओळ उभी राहिली. आधी कोण भिडलं? पोरगा स्वतः झेपावला होता, चऱ्होलीचा गडी जागेवर उभा होता. म्हणजे स्वतःहून येऊन भिडला. म्हणजे गुन्हा नाही? की हे भिडणं नव्हे, नुसतं पुढं येणं? मांडी म्हणजे खाली, की कमरेच्या आसपास? मी एवढा विचार करेपर्यंत पोरगा उठला, पॅन्ट झटकली, हेल्मेट सरळ केलं आणि हसला. तोवर पुढचा डाव लागलाही होता. मी फडकं परत खोचलं.

कारखान्यात यालाच डेव्हिएशन म्हणतात. माप चुकलेला माल, पण गाडी उभी आहे, ग्राहक ओरडतोय, मग कुणीतरी मोठ्या साहेबाची सही असलेला कागद येतो की या वेळेपुरतं चालवून घ्या. माल जातो. मी त्या कागदांवरून आजवर दोन मॅनेजरांशी भांडलेय, एकदा सही न करता घरी निघून आलेय. आणि त्या सकाळी मी भर मैदानात, कुणी न मागता, डेव्हिएशन देऊन मोकळी झाले.

सामना संपल्यावर कर्णधार घाम पुसत आला. "ताई, ती पकड बरोबर व्हती ना? त्योच येऊन भिडला, मी बघितलं. तुमी झेंडा न्हाई टाकला."

तिथंच सांगायला हवं होतं की मला कळलं नाही, तू ते पुन्हा करू नकोस. पण शेजारी साहेब उभे होते आणि कौतुकानं म्हणाले, "मॅडम, छान जजमेंट. अनुभवी पंचही तिथं घाईनं झेंडा टाकतात." मी 'बघू' असं काहीतरी पुटपुटले. कर्णधारानं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि त्याची त्यात काहीच चूक नाही. मला नंतर कळलं की त्या आठवड्यात रोज संध्याकाळी त्यांनी त्याच पकडीचा सराव केला. समोरचा येऊन भिडेपर्यंत एकानं जागेवर उभं राहायचं, भिडला की दुसऱ्यानं खाली जायचं. ताईंनी चालवलंय म्हणून.

पुढच्या रविवारी चऱ्होली विरुद्ध चिखली. मेडिकलला बावीस दिवस राहिले होते. मला आकडा माहीत होता कारण माझी धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करायची, मामाच्या लग्नाला घागरा मिळणार म्हणून.

खेळाला तासभर झाला असेल. चेंडू हलला, आमचा भाडेकरू डोकं खाली घालून घुसला. समोरच्यानं त्याला छातीवर झेलला, नीट, दोन्ही हातांनी. आणि बाजूनं कर्णधार खाली गेला. या वेळी मांडी नव्हती, गुडघा होता. माझं फडकं तो जमिनीला लागायच्या आधीच सुटलेलं होतं. कुठलीही ओळ आठवली नाही, कुठलाही विचार केला नाही. मग भाडेकरूचा आवाज आला. ओरडला नाही, मोठ्यानं श्वास ओढल्यासारखा आवाज आला, आणि तो मातीवर एका अंगावर पडून पाय हातांनी धरून राहिला.

मी शिट्टी मारली, हात वर केले, शिक्षा सांगितली. चऱ्होलीचा संघ पंधरा यार्ड मागं. मला ते शब्द बोलतानाच स्वतःची लाज वाटली. माणूस पडलाय आणि मी यार्ड मोजतेय.

कर्णधार हेल्मेट काढून माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत प्रामाणिक प्रश्न होता. "ताई, मागच्या रविवारी चाललं की! त्योच तर येऊन भिडला. मग आज काय झालं?"

मी त्याच्यावर खेकसले, "बाजूला हो." तो बाजूला झाला आणि मग त्यानंच भाडेकरूला पाठीवर घेतलं, आपल्या गाडीत घातलं आणि आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत तो सारखा म्हणत होता, "भावा, मुद्दाम न्हाई केलं रं. आमाला वाटलं चालतंय." भाडेकरू डोळे मिटून होता.

गुडघ्याच्या आतला बांध, म्हणजे लिगामेंट, फाटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने जोर द्यायचा नाही, कदाचित ऑपरेशन लागेल. भाडेकरूनं एकच विचारलं, "बावीस दिवसांत उकिडवं बसता येईल का?" डॉक्टरांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुन्हा विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारपासून स्पर्धेच्या ग्रुपवर चर्चा सुरू झाली. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं, ते हळू करून, थांबवून, वर बाण रेखून ग्रुपवर टाकलेलं. साहेबांनी लांबलचक संदेश लिहिला की पहिल्या स्पर्शाच्या क्षणी बचाव करणाऱ्याचा वेग पाहता तो स्वतःहून भिडला असं म्हणायला जागा आहे, तरीही दुसरा ब्लॉक गुडघ्यावर असल्यानं मॅडमचा निर्णय समर्थनीय ठरतो. त्यावर कुणी अंगठा दाखवला, कुणी वेगळा बाण काढून पाठवला. कुणाला तरी दुसऱ्या पुस्तकातली उपकलमं सापडली. मी सगळं वाचत गेले. त्या सगळ्यात गुडघ्याचं काय झालं, असं एकाही माणसानं विचारलं नव्हतं. मी लिहिलं, "त्याचं मेडिकल आहे, तुम्हाला कुणाला माहीत आहे का?" सगळं एकदम बंद झालं. थोड्या वेळानं साहेबांनी हात जोडलेलं चित्र टाकलं. मी ग्रुप सोडला. सगळा राग त्यांच्यावरच होता असं मला तेव्हा तरी वाटत होतं.

तो मेडिकलला गेला. पट्टा बांधून, गोळी खाऊन गेला. आधीचे आठ दिवस आमच्या डोक्यावरच्या खोलीत तो बसायचा सराव करत होता, हे मला खाली ऐकू यायचं. भिंतीला हात टेकल्याचा आवाज, मग थोडी शांतता, मग धपकन बसल्याचा आवाज. सासूबाई वर बघायच्या आणि पोळी लाटायच्या थांबायच्या. एकदा मी वर जाऊन सांगितलं, नको करूस, आणखी बिघडेल. तो घामानं निथळत होता. "ताई, दोन मिन्टं बसलो की झालं. तेवढंच बघतेत म्हनं." तेवढंच बघतात, हे खरं होतं. तेवढंच त्याला जमलं नाही. कागदावर शेरा आला, तात्पुरता अनफिट. कंपनीनं काही वाईट केलं नाही, नियमाप्रमाणे केलं. यादी पुढं सरकली, त्याच्या जागी मागचा माणूस गेला आणि महिनाअखेरीला त्याचा करार संपला. यातल्या प्रत्येकाकडे नियम होता आणि प्रत्येकाचा नियम स्पष्ट होता. घोळ होता तो फक्त माझ्याकडच्या एका ओळीत.

मुलीकडच्यांनी तोडलं नाही, पण थांबतो म्हणाले. थांबणं म्हणजे काय, ते आपल्याकडे सगळ्यांना कळतं. तो गावी जायला निघाला.

रविवारच होता. मी मैदानावर जाणं बंद केलं होतं, साहेबांचे फोन उचलत नव्हते. तो सकाळी खाली टेम्पो उभा करून सामान बांधत होता. चऱ्होलीचा कर्णधार आला होता, त्यानं एकट्यानं गादी, कूलर, भांड्यांचं पोतं असं सगळं तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा खोलीत हा एकटाच होता. पाय सरळ पुढं टाकून खाटेच्या कडेवर बसला होता, हातात किल्ली.

"ताई, तुमी मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "मी पोरास्नी बी सांगितलंय. ताईनं झेंडा टाकला. मी पडायच्या आधी टाकला. दुसऱ्या कुनाचं एवढं बघनं झालं नसतं."

मी चहा खाली ठेवला. हे ऐकून घेऊन गप्प बसणं शक्य नव्हतं. त्याच्या गावापर्यंत, त्याच्या आईपर्यंत हे असंच जाणार होतं, की तिथं एक ताई होती, तिनं वेळेवर झेंडा टाकला. मी म्हणाले, "ऐक. तू पडलास त्याच्या आदल्या रविवारी चऱ्होलीच्या कर्णधारानं हेच केलं होतं. मी पाहिलं होतं. फडकं हातात घेतलं होतं आणि टाकलं नाही. तेव्हा टाकलं असतं तर त्यांनी त्याचा सराव केला नसता. तुझा गुडघा माझ्यामुळं गेला."

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल, आणि मला ते हवं होतं. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली, भिंतीचा आधार घेतला आणि उठला.

"मंग आता कशाला सांगायलाव, ताई?" तो म्हणाला. "एवढं तरी घिऊन जाऊ द्यायचं होतं."